बँड सोडताना गायक काय घेऊन निघतो?

होळीची राख थंड झाली की नंदुरबार जिल्ह्यात लग्नं सुरू होतात आणि रस्त्यांवर बँडच्या गाड्या दिसू लागतात. नवापूरकडे जा नाहीतर शहाद्याकडे, टेम्पोवर रचलेले स्पीकर, धडधडणारा जनरेटर, कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, कुठे बेंजोवाला आणि माईक धरून रात्रभर गाणारा गायक. गाडीच्या चारही अंगांना ठळक अक्षरांत बँडचं नाव रंगवलेलं असतं. नाचणारी पोरं मात्र फर्माईश गायकाला करतात. वरपक्ष तारीख पक्की करतानाच विचारून घेतो, ‘गायला तोच येणार ना?’ गाडीवर नाव एकाचं आणि लोकांच्या तोंडी दुसऱ्याचं, ही अवस्था फार दिवस टिकत नाही. दोन-चार हंगाम गेले की गायकाच्या मनात येतंच, आपण वेगळं का निघू नये?

लंडनच्या रॉक बँडपासून तळोद्याच्या लग्नाच्या बँडपर्यंत हा विचार सगळीकडे सारखाच येतो. पुढचा प्रवास कसा होतो, हे आवाजाच्या गोडीवर जितकं ठरतं त्याहून अधिक एका व्यवहारी गोष्टीवर ठरतं: बँडमधून बाहेर पडताना त्या माणसाचं स्वतःचं म्हणून नेमकं काय असतं? नाव, वाद्यं, तारखा, चाली, ध्वनिमुद्रणं यांपैकी कशावर त्याचा हक्क असतो? बहुतेकांना याचं उत्तर बाहेर पडल्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

बँड काय देतो

लग्नाच्या बँडमध्ये भांडवल मालकाचं असतं. स्पीकर, ॲम्प्लिफायर, गाडी, कीबोर्ड त्याचे. त्यांचं कर्जही त्याच्याच डोक्यावर. सुपारी तो घेतो, ॲडव्हान्स तो घेतो, एकाच तिथीला दोन मांडव आले तर त्यातून वाट तोच काढतो. गायकाला ठरलेली नाइट, म्हणजे रात्रीची बिदागी, मिळते. मृगाचा पाऊस पडला की सुपाऱ्या थांबतात, गाडी शेडमध्ये उभी राहते आणि वाजवणारे शेतात, नाहीतर कामासाठी गुजरातेत जातात. गायकाला हे सारं जाचक वाटतं, पण यात त्याची एक मोठी सोय असते. गाणं सोडून दुसरी कुठलीच काळजी त्याला करावी लागत नाही.

हा धंदा तसा अलीकडचा. सातपुड्यातलं जुनं संगीत वेगळ्या घडणीचं आहे आणि ते आजही जिवंत आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात. ढोल, मांदल, बासरी, थाळी पाड्यापाड्यांवरून येतात. बायांची एक रांग ओळ म्हणते, दुसरी रांग ती उचलते. गाणं कुणी केलं, हे तिथे कुणी विचारत नाही. ढोल वाजवणारा थकला की दुसरा खांदा पुढे येतो. अशा संगीतात ‘सोडून जाणं’ ही कल्पनाच बसत नाही, कारण सोडायला आधी कुणाची तरी मालकी असावी लागते. बँडबरोबर ती मालकी आली, आणि तिच्या पाठोपाठ वेगळं होण्याचा प्रश्नही आला.

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वात बोलकी गोष्ट घडली ती गोव्यात.

शिवोलीतलं घर आणि चार ट्रॅक

रेमो फर्नांडिस यांचा जन्म 1953 साली पणजीत झाला. वास्तुकलेचं शिक्षण घ्यायला ते मुंबईत आले आणि तिथे ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या बँडमध्ये दाखल झाले. सत्तरच्या दशकातले मुंबईचे बँड मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतली गाणी वाजवत. श्रोत्यांची मागणीही तीच असे, मूळ रेकॉर्डसारखं हुबेहूब वाजवा. स्वतःची गाणी रचणाऱ्याला तिथे जागा अरुंद होती. पुढे रेमो युरोपात भटकले, वेगवेगळ्या संगीतकारांबरोबर वाजवलं आणि परत येऊन बार्देश तालुक्यातल्या शिवोलीत आपल्या घरी राहिले.

स्वतः रचलेली इंग्रजी गाणी त्यांच्याजवळ होती. विषय गोव्याचे, माणसं गोव्याची. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांना त्यात बाजार दिसला नाही. मग त्यांनी घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी ध्वनिमुद्रित केली. गिटार, बासरी, ताल, सगळे आवाज त्यांचेच. ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट 1984 मध्ये निघाली. वेष्टनाची रचना त्यांची, आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानादुकानांत कॅसेट पोचवणारेही तेच. 1985 मध्ये ल्युसिओ मिरांडा यांच्यासोबत जुन्या गोव्याची गाणी घेऊन ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आली, 1986 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचं ‘पॅक दॅट स्मॅक’, 1987 मध्ये ‘बॉम्बे सिटी’. मधल्या काळात श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये (1985) ते दिसले, ‘जलवा’च्या (1987) शीर्षकगीताने त्यांचा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत गेला. ज्या मुंबईने दार लावलं होतं, तिथल्या कंपन्या आता आपण होऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. 1995 च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातलं ए. आर. रहमान यांचं ‘हम्मा हम्मा’ त्यांच्याच आवाजात आहे. 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातला चार ट्रॅकचा भाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण एकट्या संगीतकाराचं स्वातंत्र्य त्या यंत्राने शक्य केलं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात: ए बाजूच्या दोन आणि बी बाजूच्या दोन. 1979 मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ 144’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याने बाजू हा प्रकारच काढून टाकला. चारही पट्ट्या एकाच दिशेने, पण स्वतंत्रपणे भरता येऊ लागल्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून फीतही दुप्पट वेगाने फिरे. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट जेमतेम पंधरा मिनिटं पुरे.

आता एकट्या माणसाने काम कसं करायचं? पहिल्या ट्रॅकवर ताल भरायचा. फीत मागे नेऊन, तो ताल हेडफोनमध्ये ऐकत दुसऱ्यावर गिटार वाजवायची. पुन्हा मागे नेऊन तिसऱ्यावर बास. आता एकच ट्रॅक उरला आणि गायचं तर अजून बाकी. मग पहिल्या तीन ट्रॅकचा तोल साधून ते एकत्र चौथ्यावर उतरवायचे. पहिले तीन पुन्हा मोकळे. त्यांवर मुख्य आवाज, साथीचा आवाज, बासरी. पण यात एक मेख आहे. तीन ट्रॅक एकत्र उतरवून मोकळ्या जागी नवं भरलं की जुनं पुसलं गेलं. मागाहून वाटलं, बास जरा मोठा झाला, तर इलाज नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीचा सूं आवाज वाढत जातो. त्यामुळे सुरुवात करण्यापूर्वीच पूर्ण गाणं डोक्यात पक्कं असावं लागतं. बँडमध्ये चार जण वाजवता वाजवता जे निर्णय घेतात, ते इथे एकाने आधीच घ्यायचे.

याच यंत्रावर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरात बसून काही गाणी एकट्याने भरली. बँडला दाखवायला केलेला तो कच्चा खर्डा होता. नंतर ‘ई स्ट्रीट बँड’ला घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, तर त्यांतला जीव गेला. शेवटी त्या कॅसेटवरचंच ध्वनिमुद्रण ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. स्प्रिंगस्टीनच्या मागे मोठी कंपनी होती, बँड होता आणि परतायची वाट मोकळी होती. रेमो यांच्याकडे यांतलं काही नव्हतं, पण एक गोष्ट त्यांच्याकडे पूर्णपणे होती: कॅसेटवरचा शब्द न् शब्द आणि सूर न् सूर त्यांच्या मालकीचा होता. पुढे कंपन्यांशी बोलणी झाली ती याच जोरावर. लोकप्रिय झाल्यावर रेमो यांनी साथीला पुन्हा बँड घेतला, त्याचं नाव ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’. या वेळी बँड त्यांचा होता.

नंदू भेंडे यांची वाट

‘सॅव्हेजेस’मध्ये गायलेलं एक मराठी नावही आहे: नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. ‘वेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या बँडांतून ते रॉक गायले. 1974 मध्ये ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीत नाटक उभं केलं, त्यात जुडासची भूमिका त्यांनी केली. 1978 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर ॲकॅडमीने रंगमंचावर आणला, तेव्हा मराठी प्रेक्षकांना भेंडे यांच्या आवाजातला रॉक ऐकायला मिळाला. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणंही त्यांचंच. 2014 मध्ये ते गेले.

भेंडे यांची वाट रेमोंपेक्षा वेगळी. रेमो आपल्या गाण्यांच्या बळावर उभे राहिले. भेंडे यांचा आवाज निरनिराळ्या लोकांच्या कामात वापरला गेला: नाटक, चित्रपट, पडद्यामागचं संगीत. बँडनंतर बहुतेक गायकांच्या वाट्याला येते ती ही दुसरी वाट. तीत कमीपणा काही नाही. फक्त एवढं ओळखून असावं की दुसऱ्याच्या गाण्याला आवाज दिला तर त्या गाण्यावरचा मोठा हक्क दुसऱ्याचा असतो. लोकांना ‘डिस्को डान्सर’ म्हटलं की बप्पी लाहिरी आणि मिथुन चक्रवर्ती आठवतात; गायक पटकन सांगता येत नाही.

नाव कुणाकडे राहतं

वेगळं होताना पहिलं भांडण नावावरून होतं. ‘पिंक फ्लॉइड’चा रॉजर वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडला. बरीचशी गाणी त्याची, म्हणून त्याचं म्हणणं असं की आपण गेलो म्हणजे बँड संपला. उरलेल्यांना ते मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1987 च्या डिसेंबरात तडजोड झाली: ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव डेव्हिड गिल्मर आणि निक मेसन यांच्याकडे राहिलं, ‘द वॉल’वरचे हक्क वॉटर्सला मिळाले. त्या काळात वॉटर्सच्या एकट्याच्या कार्यक्रमांना गर्दी कमी होती, कारण लोक नावाचं तिकीट काढतात. पण 2010 पासून पुढे ‘द वॉल’ घेऊन त्याने जगभर दौरा केला तेव्हा मैदानं भरली. नाव हातून गेलं तरी गाणी हाती होती.

आपल्याकडे ‘सिल्क रूट’चा मोहित चौहान याचं उदाहरण लोकांच्या लक्षात आहे. 1998 च्या ‘बूंदें’ अल्बममधलं ‘डूबा डूबा’ घराघरांत वाजलं, पुढे बँड विस्कटला आणि तो जवळजवळ दिसेनासा झाला. 2006 मध्ये ‘रंग दे बसंती’ आणि 2007 मध्ये ‘जब वी मेट’ने तो परत आला, तोवर मधली कितीतरी वर्षं गेली होती. बँडचं नाव ओळखणाऱ्यांना गायकाचं नाव माहीत नसतं, याची किंमत त्याने मोजली.

मराठी तमाशाने हा गुंता आपल्या पद्धतीने सोडवला होता. फडाचं नाव म्हणजे मुख्य कलावंताचं नाव: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर. पाटीवर जो, तोच स्टेजवर. वेगळं निघणाऱ्याने नवा फड काढला की आपलं नाव लावायचं, जुन्या नावाला हात लावायचा नाही. खानदेशातल्या जत्रांमध्ये, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतही, लोक तंबूवरचं नाव वाचून तिकीट काढत. लग्नाच्या बँडमध्ये ही रीत उतरली नाही. तिथे नाव मालकाच्या घरातलं, देवाचं नाहीतर नुसतंच झगमगीत असतं. म्हणून बँडमध्ये असतानाच गाण्यात, पोस्टरवर, व्हिडिओखाली आपलं नाव येईल असं पाहणं ही गायकाची पुढची शिदोरी. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानेही कलाकाराला हा हक्क दिला आहे: आपलं सादरीकरण वापरलं जाईल तिथे कलाकार म्हणून आपलं नाव असावं, हे तो मागू शकतो.

गाणं कुणाचं

गाणं कानाला एक वाटतं, कायद्याला मात्र त्यात वेगवेगळ्या वस्तू दिसतात. शब्द हे साहित्य, त्यावर हक्क गीतकाराचा. चाल हे संगीत, त्यावर हक्क संगीतकाराचा. ध्वनिमुद्रण ही तिसरी वस्तू. तिच्यावर हक्क ज्याने पैसे घालून मुद्रण करवलं त्याचा. आणि गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क चौथा. मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, ध्वनिमुद्रणावरचा प्रसिद्धीपासून 60 वर्षं, सादरीकरणावरचा 50 वर्षं.

बँडमधला गायक बाहेर पडतो तेव्हा त्याच्या लोकप्रिय गाण्याची फोड या चार वस्तूंत करून पाहावी. शब्द त्याने लिहिले असतील, चाल कीबोर्डवाल्याबरोबर बसून झाली असेल, स्टुडिओचे पैसे मालकाने दिले असतील. अशा वेळी ‘गाणं माझं’ हे अर्धं खरं असतं. तो ते गाणं नव्याने मुद्रित करू पाहील तर शब्दांचा प्रश्न नाही, पण चालीसाठी सहकाऱ्याची संमती हवी. जुनं मुद्रण आपल्या चॅनलवर टाकलं तर मालक ते काढायला लावू शकतो.

कायद्यातल्या काही तरतुदी कलावंताच्या बाजूच्या आहेत आणि त्या फारशा कुणाला माहीत नाहीत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो आणि त्यावर सही लागते. तोंडी ‘घ्या हो’ म्हटल्याने हक्क जात नाही. लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कोणत्या प्रदेशासाठी दिला हे लिहिलं नसेल तर तो भारतापुरता धरतात. आणि 2012 पासून गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा, म्हणजे रॉयल्टी मिळण्याचा हक्क, विकून टाकता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गीतकार-संगीतकारांची अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस, स्थापना 1969 ची. तिचं सभासदत्व घ्यायला मुंबईतच राहावं लागतं असं नाही.

लग्नाच्या बँडची यातली जागा मात्र गमतीची आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि त्यातच लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे येतात. म्हणून वरातीत कुणाचंही गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. बँडमधला गायक वर्षानुवर्षं या सवलतीच्या सावलीत गातो. हिंदी चित्रपटाची चाल घ्यायची, तिच्यावर अहिराणी किंवा भिली शब्द बसवायचे, मांडवात धमाल उडवून द्यायची. लोकांना ते आवडतं आणि कुणी अडवत नाही. तोच गायक एकटा निघतो आणि तेच गाणं यूट्यूबवर टाकतो, तेव्हा सवलत मांडवातच राहिलेली असते. यूट्यूबची यंत्रणा अपलोड झालेला आवाज कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. चाल किंवा कराओके ट्रॅक जुळला की त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळू शकतात, नाहीतर व्हिडिओच बंद होतो. मांडवात त्याला ज्या गाण्यांनी नाव दिलं, त्यांतली निम्मीअधिक गाणी एकट्याच्या प्रवासात त्याच्या कामाची राहत नाहीत. अनेकांची उमेद इथेच खचते.

परंपरेचं देणं

मग स्वतःच्या मातीतलं गाणं घ्यावं, हा मार्ग सुचतो, आणि तो रास्त आहे. होळीची, लग्नाची पारंपरिक गाणी कुणा एकाच्या मालकीची नाहीत. ती गायला कुणाची परवानगी लागत नाही. पण इथे उलटी चूक होते. पारंपरिक चालीला कीबोर्ड-ऑक्टोपॅडची जोड देऊन व्हिडिओखाली ‘गीत-संगीत’ म्हणून स्वतःचं नाव टाकलं जातं. नव्याने केलेली मांडणी आणि आपलं मुद्रण यांवर हक्क सांगता येतो. मूळ चालीवर नाही. दुसऱ्या कुणी तीच चाल गायली म्हणून त्याच्यावर दावा ठोकणं तर अगदीच गैर. ‘पारंपरिक’ हा शब्द, कोणत्या समाजाची, कोणत्या भागातली चाल, आणि ढोल-मांदल-पावरी कुणी वाजवली त्यांची नावं, एवढं लिहिलं की मान राहतो. नंदुरबारच्या 2011 च्या जनगणनेतल्या सुमारे साडेसोळा लाख लोकांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या गाण्याची बाजारात एवढी मागणी असताना त्यांचं नावही न लागणं शोभत नाही.

आजचा हिशेब

रेमो यांच्या चार ट्रॅकच्या जागी आज साध्या लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात आणि चुकलेलं परत फिरवता येतं. स्कूटरच्या जागी वितरण सेवा आहेत. त्या गाणं स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या ठिकाणी पोचवतात. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, त्यावरून ते कुठे किती वाजलं याची मोजदाद होते. यूट्यूबवर नेहमीच्या लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतला वाटा मिळायला साधारणपणे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं जाणं लागतं. अशा व्हिडिओंवर जाहिरातीच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा चॅनलला मिळतो.

नंदुरबारच्या गायकाला एक फायदाही आहे. त्याच्या भाषा छोट्या वाटतात, पण त्या जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाहीत. नवापूरचं रेल्वे स्थानकच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मावची, कोकणी, भिली, पावरी बोलणारे लोक गुजरातच्या तापी, डांग, नर्मदा जिल्ह्यांत आणि मध्य प्रदेशच्या बडवानीत आहेत. मुंबईच्या कंपनीला हा बाजार नकाशावर दिसत नाही. लग्नाच्या गाडीवर तिन्ही राज्यांत फिरलेल्या गायकाला तो पाठ असतो. अहिराणीत तर हे घडलंही आहे. अण्णा सुरवाडे यांचं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ कुठल्याही मोठ्या कंपनीविना खानदेशाबाहेर, अहिराणी न कळणाऱ्यांच्या लग्नांतही वाजलं.

तरीही एक हिशेब मनाशी पक्का हवा. एखादं गाणं गाजल्याने घर चालत नाही. एकट्या गायकाचं पोट आजही मुख्यतः कार्यक्रमांवर भरतं आणि यूट्यूबचं गाणं म्हणजे त्या कार्यक्रमांची जाहिरात. म्हणजे बँड सोडला तरी वाजवणारे लागतातच. आता त्यांची नाइट गायकाने द्यायची, डिझेल त्याने भरायचं, पावसाळ्याचे चार महिने त्याने निभवायचे. तो गायक होता, आता मालकही झाला. हे जमत नसेल तर बँडमध्ये राहून, मालकाशी नावाचा आणि हक्काचा नीट करार करून गाणं यात काहीच लाजिरवाणं नाही. अनेकांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

ज्यांना निघायचंच आहे, त्यांना एवढंच सांगणं. आधी स्वतःची, कुणाकडूनही न उचललेली पाच गाणी तयार ठेवा. प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे कुणी घातले, कुणी काय वाजवलं, हे साध्या कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्या कागदाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पाठवून ठेवा. भांडण झाल्यावर असा कागद कुणी करून देत नाही. तो मैत्री आहे तोवरच होतो. पुढच्या लग्नसराईच्या आधी, गाडी शेडमध्ये उभी असताना, हे काम उरकून घ्या.